ऑर्डरच्या बाहेरचे आकडे

४ मार्च २००७

तोंग बाईंनी वर्गातल्या सगळ्यांना इंग्रजीत दैनंदिनी लिहायला सांगितली आहे. माझ्या इंग्रजीत माझा अख्खा दिवस तीन ओळींत संपतो. मी उठते, मी दुकानात जाते, हवा छान आहे. बाईंना दाखवायच्या वहीत हवा रोज छानच असते, मग बाहेर गारा का पडेनात. म्हणून ही दुसरी वही. ही आपल्या भाषेत, आणि हिच्यात हवेबद्दल अवाक्षर नाही.

मी लोउ चिनफेंग, वय सेहेचाळीस. यिवूच्या मोठ्या बाजारात माझा गाळा आहे. फेल्टच्या जाड कापडाच्या नाताळच्या वस्तू विकते. लाल टोप्या, मोजे, हरणं, झाडाला टांगायच्या चांदण्या. आमच्याकडे नाताळ मार्चात सुरू होतो आणि ऑगस्टात संपतो. शिवणाचा कारखाना गावाकडच्या घरात आहे, तो नवरा बघतो. त्याला सगळे लाओ लुओ म्हणतात, मीही.

माझे वडील खांद्यावर कावड घेऊन, खुळखुळी वाजवत गावोगाव हिंडायचे आणि कोंबडीच्या पिसांच्या बदल्यात गूळ द्यायचे. दर डोंगरापलीकडे बोली बदलायची, पण त्यांचं कुठे अडलं नाही. त्यांची मी मुलगी, आणि बारा वर्षं गिऱ्हाइकासमोर मुकी बसले आहे. परदेशी माणूस आला की मी कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवते, तो दुसरा दाबतो, मी मान हलवते. बाकीचं बोलणं दलालाच्या कचेरीतून होतं. तिथे दुभाषी म्हणून बसते ती माझीच धाकटी नणंद, श्याओयेन. कॉलेज शिकलेली, उंच टाचांची. गिऱ्हाईक पाच मिनिटं बोलतं आणि नणंदबाई मला सांगतात, "वहिनी, तो म्हणतो ठीक आहे." पाच मिनिटं काय नुसतं ठीक आहे म्हणत होता?

पुढल्या वर्षी बीजिंगात ऑलिम्पिक आहे. त्या निमित्तानं बाजारात दुकानदारांसाठी सकाळचा फुकट इंग्रजी वर्ग निघाला. यादीत पहिलं नाव माझं. लाओ लुओ म्हणाला, "या वयात शिंगं मोडून वासरांत शिरतेस होय?"

"शिरते," मी म्हटलं. "तू गोठा सांभाळ."

११ मार्च

आज माझी कीर्ती डेन्मार्कपर्यंत पोचली!

बिर्गिट नावाची बाई आली. लाल चष्मा, पाठीवर शाळकरी पोरासारखं दप्तर. आमच्या रांगेत नाताळचे गाळेच गाळे आहेत, पण तिनं एकाकडेही ढुंकून पाहिलं नाही. थेट माझ्यासमोर येऊन उभी. सारखी "येन, येन" म्हणत होती. मी हात हलवून सांगितलं, "नो येन! डॉलर ओके. युआन ओके." ती खूप हसली. जपानच्या पैशात व्यवहार करू पाहणारी डेन्मार्कची बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

मग तिनं कागदावर चित्र काढलं. भिंतीवर टांगायची कापडी दिनदर्शिका, तिला चोवीस खिसे. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज एक खिसा. आई त्यात खाऊ लपवते आणि मूल रोज एक काढतं. असलं आम्ही कधी शिवलं नव्हतं. मी म्हटलं, "येस." तिनं विचारलं, एजंट? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "नो एजंट. मी." तोंग बाईंनी वर्गात सगळ्यांना इमेलचा पत्ता काढून दिला होता, तो तिला लिहून दिला. आजवर त्या पत्त्यावर फक्त बाईंचे धडे यायचे.

रात्रीच्या जेवणाला लाओ लुओनं भात चिवडत सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "दलालाशिवाय? बरं, कर. पण ही ऑर्डर बिघडली तर पुन्हा सगळं श्याओयेनच्या कचेरीतून. आणि तो वर्गही बंद."

मी कबूल केलं. बिघडायला मी काय कच्ची आहे?

२० मार्च

तोंग बाई वर्गात दर वेळी एकच शब्द घेतात आणि तासभर त्याची सालं काढतात. आजचा शब्द होता ऑर्डर. मला हसूच फुटलं. यिवूत कोंबडीचं पिल्लूसुद्धा अंड्यातून "ऑर्डर, ऑर्डर" करत बाहेर येतं.

मी उभी राहिले. "बाई, हा शब्द आमच्या रक्तातच आहे. आम्हाला काही नवीन द्या."

तोंग बाई माझ्या भाचीच्या वयाच्या. हसून म्हणाल्या, "लोउ ताई, या शब्दाच्या पोटात बरेच शब्द आहेत. बसा तर खरं."

मी बसले नाही. मोज्यांच्या गाळ्यावरच्या जू बाईला घेऊन खाली सोयादूध आणि तळलेल्या कणकेच्या कांड्या खायला गेले. परत आलो तेव्हा फळा गच्च भरलेला होता आणि बाई तो पुसत होत्या. जू बाईला चुटपूट लागली. मी म्हटलं, "आचाऱ्याला कुणी मीठ दाखवतं का?"

२ एप्रिल

नमुना तयार झाला. हिरवं कापड, लाल खिसे, वर पांढऱ्या फेल्टचे आकडे. एक ते चोवीस, एका ओळीत, कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे. चारचा आकडा कापताना लाओ लुओ जरा कचरला. लहान मुलांची वस्तू, आणि त्यावर आपल्या भाषेत 'मरण' असा ऐकू येणारा आकडा. पण त्यांच्या कानाला तो तसा ऐकू येत नसणार.

फोटो काढून मीच पाठवला. खाली लिहिलं, "सॅम्पल. आय मेक. ओके?" कुणाचीही मदत नाही.

४ एप्रिल

उत्तर आलं! ओळ जशीच्या तशी उतरवून ठेवते, नातवंडांना दाखवायला: "ब्यूटिफुल! ओन्ली, द नंबर्स शुड बी आउट ऑफ ऑर्डर, प्लीज."

ब्यूटिफुल म्हणजे सुंदर, हे मला शब्दकोश न उघडता कळलं. पुढचं वाक्य मी एकटीनं सोडवलं. नंबर्स म्हणजे आकडे. आउट ऑफ म्हणजे बाहेर, हे तिसऱ्याच धड्यात झालं आहे, आउट ऑफ द रूम, खोलीच्या बाहेर. आणि ऑर्डर म्हणजे ऑर्डर. आकडे ऑर्डरच्या बाहेर. थोडक्यात, आकडे नकोत.

लाओ लुओचं डोकं लगेच फिरलं. "आकड्यांशिवाय दिनदर्शिका? मग पोराला कळणार कसं आज कुठला खिसा?"

"मोजेल. त्यांच्याकडे शाळा नाहीत का?"

"आणि कारण काय पण?"

कारणही मी शोधून काढलं आहे. आपल्याकडे चार नको असतो. जू बाई सांगते, युरोपातल्या लोकांना तेरा नको असतो. आणखी कुणाला आणखी काही नको असेल. एकेकाची समजूत काढत बसण्यापेक्षा बिर्गिटनं सगळेच आकडे काढून टाकले. धंद्यातली बाई आहे, मला आवडली.

"विचारून घे एकदा," लाओ लुओ म्हणाला.

कशाला? पहिल्याच पत्रात "मला कळलं नाही" असं लिहायचं? मी लिहिलं, "ओके. नो प्रॉब्लेम." शिवाय आकडे नसल्यामुळे कापणी सोपी झाली.

५ एप्रिल

छिंगमिंग, पितरांचा दिवस. डोंगरावर जाऊन वडिलांच्या थडग्यावरचं गवत काढलं, गुळाचा खडा ठेवला. सगळे खाली उतरल्यावर मी हळूच त्यांना म्हटलं, "ब्यूटिफुल." अर्थही सांगितला.

२२ एप्रिल

नणंदबाई आल्या होत्या. कारखान्यात शिरून कापड हाताळलं, टाके बघितले, म्हणाल्या, "छान झालंय, वहिनी." पोटात दुखत असूनही चांगलं म्हणावं लागलं. मग विचारते, "आकड्यांबद्दल काही म्हणाली का ती? त्या लोकांचं आकड्यांचं जरा निराळं असतं."

"म्हणाली. केलं तसं."

"मी मेल बघू का एकदा?"

"कशाला? मला वाचता येतं."

तिनं कापड खाली ठेवलं. चहासुद्धा अर्धाच प्यायली. जाताना लाओ लुओशी अंगणात काहीतरी पुटपुटत होती. तो मला म्हणाला, "ती तुझ्या काळजीनं म्हणते." काळजी दलालीची, माझी नव्हे.

१९ मे

अर्ध्याहून जास्त माल शिवून झाला. वर्गात बाईंनी एकेकाला वाक्य करायला लावलं. मी उठून म्हटलं, "आय हॅव अ बिग ऑर्डर." टाळ्या पडल्या. बाईंनी विचारलं, आणखी कुठल्या अर्थानं वापरता येईल? मी म्हटलं, "आणखी मोठी ऑर्डर."

१४ जून

पायाखालची जमीन सरकली. आधी घडलं ते लिहिते, रडायचं ते नंतर.

ऑलिम्पिकच्या नादात बाजारात दिसेल त्या वस्तूवर इंग्रजी पाट्या लागल्या आहेत. जिन्यावर, कचऱ्याच्या डब्यावर, संडासात. आज माल चढवायची लिफ्ट बंद होती. दारावर पाटी. वर आपल्या अक्षरांत: "बिघाड. वापरू नये." आणि खाली इंग्रजीत: आउट ऑफ ऑर्डर.

मी पाटी तीनदा वाचली. म्हटलं, पाटी रंगवणाऱ्यानं चूक केली. लिफ्ट ऑर्डरच्या बाहेर कशी असेल, ती तर इमारतीच्या ऑर्डरमध्येच आली असणार. मग वाटलं, म्हणजे बिर्गिटला बिघडलेले आकडे हवे होते? बिघडलेला सात कसा दिसतो? डोकं चालेना. खोकी तिथेच टाकून वर्गाकडे धावले. तोंग बाई निघायच्या बेतात होत्या.

"बाई, आउट ऑफ ऑर्डर म्हणजे काय?"

"यंत्राबद्दल असेल तर बिघडलेलं."

"आणि आकड्यांबद्दल?"

"आकडे? क्रम सोडून लावलेले. आधी पाच, मग अठरा, मग दोन. विखुरलेले."

"ऑर्डरच्या बाहेरचे नाहीत? नको असलेले?"

"नाही, ताई. तसं कुणी म्हणत नाही."

मी त्यांना बिर्गिटची ओळ म्हणून दाखवली, पाठच आहे मला. बाईंचा चेहरा बदलला. म्हणाल्या, त्या दिनदर्शिकेवर आकडे मुद्दाम विखुरलेले असतात. आज कुठला खिसा, हे मुलानं हुडकायचं असतं, मजा त्यातच. आणि माझ्याकडे कारखानाभर माल पडला आहे ज्यावर हुडकायला एकही आकडा नाही.

मी म्हटलं, "हे तुम्ही शिकवलं होतं?"

"वीस मार्चला. तुम्ही सोयादूध प्यायला गेला होतात." रागावून म्हणाल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

मग त्यांनी फळा पुसला आणि माझ्या एकटीसाठी तो धडा पुन्हा घेतला. माल मागवला तर ऑर्डर. वस्तू ओळीनं लावल्या तर ऑर्डर. वरिष्ठानं हुकूम सोडला तर ऑर्डर. यंत्र त्यातून बाहेर गेलं की बंद पडलं. खानावळीत जेवण सांगितलं तरी ऑर्डर. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द, वेगळं भांडं. या लोकांनी सगळं एकाच वाडग्यात कालवून ठेवलं आहे आणि त्यात मी तोंड पोळून घेतलं.

शिकवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "मी तिला पत्र लिहून देऊ का तुमच्या वतीनं?"

मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं, ते मलाही घरी पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

१५ जून

लाओ लुओला सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला, एक दिनदर्शिका मांडीवर घेतली आणि रिकाम्या खिशांवरून हात फिरवत राहिला. शिवणाऱ्या बायकांनी मशीनं थांबवली.

आता आकडे शिवायचे म्हटलं तर मशीन खिशाचं तोंडच शिवून टाकेल. खिसे उसवून पुन्हा लावायचे म्हटलं तर जहाज थांबणार नाही, महिनाअखेरची जागा घेऊन ठेवली आहे. चिकटवायचे म्हटलं तर लहान मुलं ते नखांनी उपटणार.

"श्याओयेनला फोन लाव," तो म्हणाला. "तिला असलं निस्तरायची सवय आहे. ती त्या बाईशी गोड बोलेल."

"गोड म्हणजे काय बोलेल? कापड वाटेत भिजलं? आकड्यांचा कारखाना जळला?"

"मग तू काय बोलणार?"

"झालं ते."

"झालं ते बोलायला इंग्रजी लागतं, चिनफेंग!" आता मात्र तो ओरडला. कापणीचे गठ्ठे आम्ही लाकडी चिमट्यांनी धरून ठेवतो, चिमट्यावर गठ्ठ्याचा क्रमांक लिहिलेला असतो. तसला एक गठ्ठा त्यानं माझ्यापुढे आदळला. "आणि बोलून करणार काय? हे चिमटे लावून पाठवणार?"

मी चिमट्याकडे पाहिलं. बारा नंबरचा होता. काढला आणि एका खिशाच्या काठाला लावला. शेजारी तीन नंबरचा लावला. खाली एकवीस.

"आई आपल्या हातानं लावेल," मी म्हटलं. "तिला हवे तसे. पुढल्या वर्षी वेगळे. पोराला पाठ व्हायचा प्रश्नच नाही."

लाओ लुओनं बारा नंबरचा चिमटा काढून तळहातावर तोलला. मग एवढंच म्हणाला, "छोटे चिमटे लागतील." कल्पना मला सुचली ती अशी. तो फक्त वैतागून बोलला होता.

१६ जून

बिर्गिटला फोन केला. मीच.

काय बोलायचं ते कागदावर लिहून, दहादा घोकून बसले होते. पण तिनं "हॅलो" म्हटल्याबरोबर कागदावरचं एक अक्षर दिसेना. मग तोंडाला येईल ते बोलले. आपल्या भाषेत मांडायचं तर असं: "मी चूक. तू चूक नाही. तू लिहिलं, आउट ऑफ ऑर्डर. मी समजलं, आकडे नको. आता आकडे नाही. सगळ्यावर नाही. मी चिमटा देते, चिमट्यावर आकडा. आई लावते, आउट ऑफ ऑर्डर. पैसे तू देत नाही, मी देते. जहाज तेच."

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन आउट ऑफ ऑर्डर झाला.

मग ती हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली, मला कळावं म्हणून. फोटो पाठव म्हणाली. चिमटे चालतील की नाही ते दुकानात आलेल्या आया ठरवतील. चालले नाहीत तर पुढच्या वर्षी ती दुसरीकडे जाईल, आणि हे ती आताच सांगून ठेवते आहे. मी म्हटलं, "येस. फेअर." हा शब्द मला नेमका कसा आठवला, देव जाणे.

शेवटी तिनं विचारलं, हे सगळं येननं सांगितलं का तुला बोलायला?

"नो येन, डॉलर," मी म्हटलं.

ती पुन्हा तश्शी हसली. "नो, नो. येन. युअर सिस्टर. श्याओ येन."

१७ जून

सकाळीच नणंदेकडे गेले. ती केस विंचरत होती.

"बिर्गिटला माझ्याकडे तू पाठवलंस?"

"हो, वहिनी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ती ऑर्डर घेतली असती का?"

खरं सांगायचं तर नसती घेतली. मी विषय बदलला. "तुझ्या साहेबाला कळलं तर?"

"तिला आमच्या कचेरीशी बोलायचंच नव्हतं. ती म्हणाली, शिवणाऱ्या माणसाशी मला थेट बोलायचं आहे. माझ्या ओळखीत थेट बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच."

"माझं इंग्रजी..."

"इंग्रजीचं कोण म्हणतंय? तोंड म्हणते मी. ते तुमचं जन्मापासून चालतं." आणि कंगवा ठेवून विचारलं, "फोनवर काय म्हणालात तिला? सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. "जहाज तेच" वर ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बारा वर्षं दुभाषीपण करते आहे, इतकं नीट भाषांतर मला जमलं नसतं." थट्टा होती की कौतुक, ठरवता आलं नाही. कौतुक म्हणून ठेवून घेतलं. मी तिच्याबद्दल या वहीत काय काय लिहिलं आहे ते आठवून कान तापले. वही जाळणार मात्र नाही.

२९ जून

शेजारच्या तालुक्यात लाकडी चिमटे करणारा कारखाना आहे, त्यानं बोटाच्या पेराएवढे चिमटे, वर आकडा छापून, वेळेत दिले. शिवणाऱ्या बायका, मी, लाओ लुओ, जू बाई, सुट्टीच्या दिवशी उंच टाचांचे बूट काढून अनवाणी बसलेली श्याओयेन, सगळ्यांनी मिळून पिशव्या भरल्या. पिशवीत एक ते चोवीस पुरे आहेत का, हे लाओ लुओ स्वतः तपासत होता. कुणी चार विसरलं की खूश व्हायचा.

माल आज बंदराकडे गेला. या व्यवहारात आपल्या हाती फक्त शहाणपण आलं, असं तो म्हणतो. मी म्हटलं, ते तरी कुठे फुकट मिळतं?

३ ऑगस्ट

वर्गात तोंग बाईंनी मला ऑर्डर हा शब्द इतरांना शिकवायला लावलं. लाज वाटेल असं वाटलं होतं, वाटली नाही. लिफ्टपासून सुरुवात केली आणि फोनवर संपवलं. एकही जण सोयादूध प्यायला उठला नाही.

६ नोव्हेंबर

बिर्गिटकडून पत्र नाही. लाओ लुओ काही म्हणत नाही, पण काल टेबलावर श्याओयेनच्या कचेरीचा पुढच्या वर्षीचा करारनामा दिसला. सही केलेली नव्हती. मी तो उलटा करून ठेवला, संध्याकाळी पुन्हा सुलटा झालेला होता. बारा वर्षं मुकी बसल्यावर एक वर्ष बोलायला मिळालं आणि आता पुन्हा तोंड मिटून बसायचं, हे मला सोसणार नाही. भीती वाटते, असं सरळ लिहून ठेवते.

२५ डिसेंबर

डेन्मार्कमध्ये आता सगळे खिसे रिकामे झाले असतील.

८ जानेवारी २००८

पत्र आलं. दोनच ओळी. नमस्कार, आणि मग: "आय वुड लाइक टू रीऑर्डर."

या वेळी मी घाई केली नाही. री म्हणजे पुन्हा, हे धड्यात झालं आहे. रीड म्हणजे वाचणे, रीरीड म्हणजे पुन्हा वाचणे. ऑर्डर म्हणजे क्रम, हे तर मी जन्मात विसरणार नाही. रीऑर्डर म्हणजे आकड्यांचा क्रम पुन्हा लावा. म्हणजे आयांना चिमटे आवडले नाहीत. आकडे ओळीत, शिवलेले हवेत. म्हणजे माल परत येणार.

दुपारपर्यंत गाळ्यावर नुसती बसून होते. दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. लाओ लुओ डबा घेऊन आला, माझं तोंड बघून पत्र मागितलं, त्याला काही कळलं नाही. म्हणाला, "श्याओयेनला विचार. आता तर तिचं तुझं सख्य आहे."

विचारलं असतं. तिनं एका शब्दात सांगितलं असतं. पण शब्द बिर्गिटचा आहे, मग अर्थ तिलाच का विचारू नये? गेल्या एप्रिलमध्ये हेच मला लाजिरवाणं वाटलं होतं. आज वाटलं, ज्याला बोलता येतं तोच विचारतो, मुका कुठून विचारणार? लाओ लुओला शेजारी बसवलं आणि लिहायला घेतलं. तो प्रत्येक ओळीला "म्हणजे काय?" विचारत होता, मी सांगत होते. लिहिलं ते असं:

"प्रिय बिर्गिट, तुमच्या या शब्दाला पाच अर्थ आहेत. एक, माल मागवणे. दोन, ओळीनं लावणे. तीन, हुकूम सोडणे. चार, यंत्र बंद पडणे. पाच, जेवण सांगणे. तू म्हणतेस तो कुठला? कृपा करून नंबर कळव. मी मागच्या वेळी विचारलं नव्हतं, आता विचारते. तुझी, चिनफेंग."

तोंग बाईंना न दाखवता पाठवलं. चुका असतील. असू देत.

९ जानेवारी

गाळा उघडल्याबरोबर आधी पत्रं बघितली. बिर्गिटचं होतं. मी ते एकटीनं वाचलं, शब्दकोश मिटलेला होता.

"नंबर एक. आणि दुप्पट. चिमट्यांसकट. आया दर रविवारी क्रम बदलतात, मुलं वेडी झाली आहेत. बिर्गिट."

मी पुन्हा वाचलं. मग उघड्या गाळ्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडले. जू बाई धावत आली, तिला वाटलं घरात कुणी गेलं. मला माझा अभिमान वाटत होता, एवढंच झालं होतं. इतका, की तो पोटात मावेना.

लाओ लुओ खोकी घेऊन जिन्यानं वर आला तेव्हा मी डोळे पुसून बसले होते. त्यानं खोकी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं.

"आलं का उत्तर? कुठला नंबर म्हणते?"

"तिचा पहिला," मी म्हटलं. "आणि आता माझा तिसरा ऐक. कारखान्यात जा आणि मशीनं सुरू कर."